तपासून पाठवलेली गिटार

आमच्या गिटारच्या टोकाला एक पांढरा पुठ्ठ्याचा टॅग लटकत असायचा. हा नग तपासून पास केलेला आहे, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं आणि खाली कुणाची तरी गिचमिड सही. सोयाबीन निघायच्या सुमाराला गिटार आली, तेव्हापासून तो टॅग कुणी काढला नाही. कुणाला काढू दिला नाही. नव्या मोटारसायकलच्या सीटवरचं प्लास्टिक आपण आपोआप फाटेपर्यंत ठेवतो, फ्रिजवरचं स्टिकर रंग उडेपर्यंत ठेवतो, त्यातलाच प्रकार. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या कार्यक्रमात स्टेजवरच्या दिव्याखाली तो टॅग हलताना लांबून दिसत होता. मी मास्तरांना म्हटलं, आता तरी काढा. ते म्हणाले, "दिसू दे. वरिजनल हाय."

मास्तर म्हणजे आमच्या भीमगीतांच्या पार्टीचे प्रमुख. हार्मोनियम त्यांची, गाणी त्यांची, आणि हिंगोलीतल्या आमच्या वस्तीत शब्दही त्यांचाच. माझा भाऊ ढोलकीवर. मला सुरातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. मी दोन गाण्यांच्या मधे माईकवर बोलते आणि पार्टीची पत्रकं लिहिते. गिटार वाजवते ती माझी वहिनी.

वहिनी नांदेडकडची. तिचे वडील लग्नाच्या पार्टीत बँजो वाजवायचे, त्यांच्याच पार्टीतल्या एका जुन्या गिटारवर ती शिकली. लग्नानंतर ती गिटार घेऊन आली, तेव्हा शेजारच्या बाया बघायला आल्या होत्या. कपाटाआधी सुनेनं हे काय आणलं म्हणून. त्या गिटारचं लाकूड चिरलेलं, वरून चिकटपट्टी मारलेली. पण गाण्याच्या दोन कडव्यांमधले संगीताचे तुकडे वहिनी त्यावर असे वाजवायची की मागच्या रांगेतले म्हातारे माना डोलवायचे.

मग आमच्या वस्तीतला, पुण्यात इंजिनिअर झालेला एक दादा आला आणि पार्टीला नवी इलेक्ट्रिक गिटार भेट देऊन गेला. नव्या मोटारसायकलपेक्षा महाग. विहारात खोकं उघडलं तेव्हा सगळी वस्ती जमली होती. आत मखमली अस्तर, त्यात निजवलेली लालभडक गिटार, सोबत एक वाकडी चावी, एक बारका पेचकस आणि तो टॅग. वहिनीनं साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि मगच तिला हात लावला.

पहिल्याच सरावात ती म्हणाली, "मास्तर, वरतं गेलं की सूर उतरून राहिला."

"हात बसला न्हाई तुझा अजून," मास्तर म्हणाले. "मर्सिडीज चालवायची म्हंजे येळ लागतो."

सगळे हसले. वहिनीही हसली.

आमच्या पार्टीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सूर हार्मोनियम देते. बाकी सगळ्यांनी आपापलं वाद्य तिच्याशी जुळवायचं. कुणी बेसूर झालं तर मास्तर काही बोलत नाहीत. भात्यावरचा हात उचलतात, आवाज बंद होतो आणि ते त्या माणसाकडे नुसते बघतात. तेवढं पुरतं. आजवर हार्मोनियमला तू बरोबर का, असं कुणी विचारलेलं नाही, आणि आता हार्मोनियमच्या शेजारी विचारायचं नाही अशी दुसरी वस्तू येऊन बसली होती. सगळी थंडी मास्तरांचा हात भात्यावरून उठत राहिला आणि नजर वहिनीवर जात राहिली. टॅगवर एकदाही गेली नाही.

वहिनी भांडली नाही. मी असते तर भांडले असते, मला तेवढंच येतं. ती भात लावून ओट्याजवळ पाट घ्यायची आणि कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर आवाज वाढवायचं मशीन न लावता नुसत्या तारा वाजवत बसायची. हळूहळू मास्तरांचा हात उठायचा थांबला. संथ गाण्यातले तुकडे गोड लागायला लागले. मास्तर म्हणाले, "बघ, बसला का न्हाई हात?"

पण दोन-तीन तारा एकदम छेडायच्या असल्या की गडबड व्हायची. सेनगावच्या कार्यक्रमात चढ्या सुरातल्या गाण्यात तिनं वरच्या अंगाला अशा तारा छेडल्या आणि काहीतरी फुटक्या भांड्यासारखं वाजलं. ते मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. चहा घेतला. बशी खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई, जयंतीला जवळा बाजार गावच्या कार्यक्रमात तू कोरसमधी उभी राहा. गिटारला परभणीचा एक वाजवणारा बोलीवलाय."

"काहून?" मी विचारलं.

"पुण्याचा दादा येणार हाय बघायला. एवढी महागाची वस्तू दिली त्यानं. गिटारची इज्जत राह्यली पायजे."

गिटारची इज्जत. ह्या माणसानं बाईला माणूस म्हणून उभं करणारी गाणी लिहिली, गावोगाव गायली. त्या गाण्यांच्या ओळी मी पत्रकांच्या डोक्यावर छापल्या. आणि आपल्याच पार्टीतल्या बाईच्या कानापेक्षा ह्यांना पुठ्ठ्याचा तुकडा खरा वाटतो. भाऊ जमिनीकडे बघत होता. वहिनी कपबशा उचलून आत गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

माझे वडील हळदीच्या मोंढ्यात हमाली करतात. लहानपणापासून मी तिथला एक प्रकार बघत आले. व्यापारी पोत्यावर काय लिहिलंय ते वाचत नाही. पोत्यात हात घालतो, हळकुंड काढतो आणि शेतकऱ्याच्या तोंडासमोर कटकन मोडतो. आतला रंग बघतो. मोडताना आवाज कसा आला ते ऐकतो. ओली असली तर आवाज येत नाही, तिथंच भाव पडतो. शेतकरी कितीही म्हणाला की मी चांगली वाळवली, तरी मोडल्याशिवाय कुणी ऐकत नाही. आमच्या माणसाच्या मालावर कुणी कधी चिठ्ठी बघून विश्वास ठेवला नाही. मग कंपनीच्या मालावर आम्ही काहून ठेवायचा?

मी वहिनीला म्हटलं, "गिटार मोडायची."

ती घाबरली. "येड लागलं का ताई?"

"मोडायची म्हंजे सगळ्यांसमोर तपासायची. कशी तपासतात ते सांगा."

तिनं सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला आधी राग आला. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. तारेच्या बरोबर मध्यावरच्या पट्टीजवळ दाबून वाजवलं की मोकळ्या तारेचाच सूर यायला पाहिजे, फक्त वरच्या सप्तकातला. आला तर गिटार खरी. मोबाइलवर सूर मोजायचं अॅप फुकट मिळतं. सूर बरोबर असला की काटा मधे थांबतो.

रविवारी विहारात सगळे सरावाला जमले. मोबाइल सतरंजीवर ठेवला. मी म्हटलं, "मास्तर, तार तुमी दाबायची. वहिनीचा हात बसला न्हाई ना, मग तुमचा बसलेला हात लावा."

"पत्रकवालीनं कोर्ट भरीवलं," मास्तर म्हणाले. पण बसले. मोकळी तार छेडली, काटा मधे. मधल्या पट्टीवर दाबून छेडली. काटा डावीकडे पडला. सूर उतरलेला. त्यांनी परत छेडली. दुसरी तार घेतली, तिसरी घेतली. सहाच्या सहा तारांचा काटा डावीकडे.

"मोबाइलच भंगार असंल," मास्तर म्हणाले.

भावानं स्वतःचा मोबाइल पुढे केला. पुन्हा तेच. मग मास्तरांनी हार्मोनियमची पट्टी दाबून धरली, तार छेडली आणि ह्यावेळी त्यांना कानांनी ऐकू गेलं. त्यांचा हात भात्यावरून उठला. आवाज बंद झाला. आणि नेहमीप्रमाणे बघायचं कुणाकडे, ते त्यांना कळेना.

मी तिथंच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगा बोलला, गोड आवाजाचा.

"मॅडम, आमचा प्रत्येक पीस चेक होऊनच बाहेर पडतो. टॅग असेल बघा."

"टॅग आहे. सूर नाहीये."

"वाजवणारे सर आहेत का तिथे? त्यांना फोन देता?"

"सर मीच हाय," वहिनी म्हणाली.

"अच्छा. मॅडम, किती दिवस झाले शिकून? कारण अशा तक्रारी बहुतेक नव्याने शिकणाऱ्यांच्या असतात."

मी मधे पडले. विचारलं, चेक करता म्हणजे नक्की काय करता? तो म्हणाला, रंगावर ओरखडा आहे का बघतात, खुंट्या फिरतात का, सहाही तारांचा आवाज मशीनमधून येतो का.

"आणि सूर?"

"सूर फॅक्टरीतच सेट केलेला असतो, मॅडम."

"प्रत्येक गिटारचा?"

"लॉटमधून एखादी काढून बघतात. बाकीच्या तशाच असतात ना, एकाच मशीनवर झालेल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, म्हणून परत विचारलं. त्यानं तितक्याच गोडीनं परत तेच सांगितलं. मी म्हटलं, नेटवरच्या तुमच्या व्हिडिओत तर पांढरे हातमोजे घातलेला माणूस एकेक गिटार कानाला लावून पेचकसानं जुळवतो. तो म्हणाला, व्हिडिओ खरा आहे मॅडम, पण ते वरचं मॉडेल. मग म्हणाला, थोडा फरक लिमिटमध्ये धरतात, आणि तसंही फायनल सेटिंग दुकानदारानं करून द्यायचं असतं. दुकानदाराला त्याच दुपारी लावला. त्याचं म्हणणं, कंपनीनं करून पाठवलेलं असतं, आम्ही पॅकिंगला हात लावत नाही.

म्हणजे कंपनी सांगते दुकानदार करेल, दुकानदार सांगतो कंपनीनं केलं, आणि मधल्या मधे कुणीच काही केलं नाही. सही मात्र झाली. रंगावरचा ओरखडा तपासला, कारण ओरखडा दिसतो. सूर दिसत नाही. गिटार नावाच्या वस्तूत सूर सोडून सगळं तपासलं गेलं, आणि ती लिमिटमध्ये होती. कुणाच्या लिमिटमध्ये? मोंढ्यातल्या शेतकऱ्याच्या हळदीला जरा ओल जास्त निघाली तर त्याला लिमिट म्हणत नाहीत. खराब माल म्हणतात, तोंडावर.

मास्तर एवढंच म्हणाले, "शिकलेली माणसं अशी करतील असं वाटलं न्हवतं."

पण गिटारला पेचकस लावायला ते तयार होईनात. कंपनीनं लावलेलं आहे, आपण हात घातला आणि बिघडलं तर दादाला काय तोंड दाखवायचं. वहिनीनं ऐकून घेतलं. मग खोक्यातला तो बारका पेचकस घेतला, कंपनीचाच व्हिडिओ माझ्या मोबाइलवर लावायला सांगितला आणि मांडी घालून बसली. तारांच्या बुडाशी प्रत्येक तारेला आपापली लोखंडी घोडी असते, तिच्या मागे एक स्क्रू. स्क्रू फिरवला की घोडी पुढे-मागे सरकते, वाजणारी तार आखूड किंवा लांब होते. आमच्या घोड्या लांब मागे राहिल्या होत्या. हातमोजेवाला माणूस व्हिडिओत जे करत होता तेच वहिनी सतरंजीवर करत होती. स्क्रू जरासा फिरवायचा, तार पुन्हा जुळवायची, मध्यावर दाबायची, काटा बघायचा. चहा दोनदा झाला. शेवटची तार जुळली तेव्हा भावानं ढोलकीवर एक थाप मारली.

मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा तयार केला होता.

"वाजीव आता," मास्तर म्हणाले आणि त्यांनी संथ गाणं धरलं. वहिनीनं तिचा तो गोड तुकडा वाजवला.

आणि तो बेसूर लागला. पहिल्यापेक्षा वाईट. आधी सूर उतरायचा, आता चढत होता. मास्तरांचा हात उठला, आणि ह्यावेळी नजर बरोबर जुन्या जागी गेली. "बघा. कंपनीचंच बराबर व्हतं. हातच बसला न्हाई तर स्क्रू काय करंल?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अॅपवर काटा मधे होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. वहिनीनं परत वाजवलं, परत चढला. तिनं गिटार मखमलीत ठेवली आणि खोक्याच्या खिट्या लावल्या. "मला कोरसच बरा," म्हणाली.

त्या रात्री मी तिला झोपू दिलं, सकाळीच धरलं. म्हटलं, एकदा वाजवा, मी व्हिडिओ काढते, कंपनीला पाठवायचा आहे. मला पुरावा हवा होता, दुसरं काही नाही. ती कंटाळून वाजवायला लागली. मोबाइल मी तिच्या डाव्या हाताजवळ धरला होता. आणि पडद्यावर मोठं झालेलं तिचं बोट बघताना मला दिसलं की वरच्या सुराला ते तार नुसती दाबत नाही. दाबून आडवी ओढतं. केसभर.

"वहिनी, तुमी तार ओढून राहिल्या."

"कुठं? न्हाई."

"ओढून राहिल्या. बघा."

तिनं व्हिडिओ बघितला. परत लावायला सांगितला. तार ओढली की सूर चढतो, हे तिला माहीतच होतं. पण आपण ओढतो आहोत हे माहीत नव्हतं. सगळी थंडी, कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत, तिच्या कानानं तो उतरलेला सूर ऐकला आणि बोटानं ओढून जागेवर आणला, प्रत्येक तारेला, प्रत्येक पट्टीला वेगवेगळा. म्हणूनच एकेक तार गोड लागायची. दोन-तीन तारा एकदम आल्या की तेवढी बोटं कुठून ओढणार, तिथं फुटायचं. मास्तर ज्याला हात बसला म्हणत होते, ते हे होतं. आता घोड्या जागेवर आल्या आणि बोट अजून जुनंच काम करत होतं.

"म्हंजे फॅक्टरीतलं काम म्या करत व्हते व्हय," ती म्हणाली. हळू म्हणाली. तिनं ते बोट उजव्या हातात धरलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून बसली.

मी आजवर बऱ्याच अन्यायांवर पत्रकं लिहिली. पाणी, रस्ता, रेशन. त्यात कोण घेतो, कोण देत नाही, ते दिसतं. हे मला दिसतच नव्हतं. कुणीतरी कुठंतरी एक स्क्रू फिरवायचा टाळला, आणि हिंगोलीतल्या एका बाईचं बोट वाकडं चालायला शिकलं, आणि वर तिलाच ऐकवलं गेलं की तुझा हात बसला नाही. मी तावातावानं लिहायला बसले. वहिनीनं कागद बाजूला सारला. "पत्रक राहू द्या ताई. मला मेडिकलमधून चिकटपट्टी आणून द्या."

जखमेवर लावतात ती पट्टी तिनं बोटाच्या पेरांवर घट्ट गुंडाळली, बोट ओढायला लागलं की ताण बसावा म्हणून. भात लावायचा, पाट घ्यायचा, पुन्हा सुरू. जे शिकायला सगळी थंडी लागली, ते विसरायला जयंतीपर्यंतचेच दिवस होते. कधी कधी ती मधेच थांबून बोटाला शिवी द्यायची. मी हसायचे, मग हसू यायचं बंद व्हायचं.

मास्तरांना मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मोबाइल परत दिला आणि पान खायला निघून गेले. माफी वगैरे काही नाही. परभणीच्या वाजवणाऱ्याला त्यांनी नको म्हणून कळवलं, हे मला भावाकडून समजलं. कळवताना कारण सांगितलं म्हणे, की गिटार नादुरुस्त होती. वहिनीचं नाव त्यातही नाही.

जवळा बाजारला बाजाराच्या मैदानात स्टेज होता. पुण्याचा दादा पुढच्या रांगेत. वहिनी निळ्या साडीत गिटार घेऊन आली, आणि मला आधी कळेना की गिटारमधे काय कमी वाटतंय. टॅग नव्हता. मी वहिनीकडे बघितलं, तिनं मान हलवली, तिनं काढला नव्हता. मास्तरांच्या खिशातून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं.

"मास्तर, तो कंपनीचा टॅग?" दादानं खालूनच विचारलं.

"आमी तपासली," मास्तर म्हणाले, आणि पेटी उघडली.

त्यांनी सूर दिला. सगळ्यांनी जुळवून घेतलं. नेहमी इथं मास्तर डोळे मिटतात आणि गाणं सुरू होतं. त्या दिवशी ते थांबले आणि वहिनीला म्हणाले, "बराबर?"

तिनं दातांनी सोडवून बोटाची पट्टी काढली, पदराच्या टोकाला चिकटवली. एक तार मध्यावर दाबून ऐकली. मग दुसरी. मग तीन तारा एकदम छेडल्या, त्या वरच्या अंगाला, जिथं सेनगावला फुटलं होतं. माईक चालू होता, मैदान ऐकत होतं, भावाचा हात ढोलकीवर अधांतरी. मास्तरही थांबले होते.

"ह्या तारेला जरा थांबा," वहिनी म्हणाली, आणि खुंटी पिळायला लागली.